शंभराचं ताट

बन्सीधर घरी आला तो पायातली चप्पलही न काढता स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला आणि तिथूनच सुरू झाला.

"शंभर! सत्तरचे एकदम शंभर केले त्या बाईनं. दोन भाकरी, वाटीभर पिठलं, ठेचा अन् कांदा. शंभर रुपये! असं हाय तरी काय त्यात? बेसन अन् पाणी!"

मनकर्णेच्या हातावर तेव्हा भाकरच होती. तिनं ती तव्यावर अलगद सोडली, वरून पाण्याचा हात फिरवला आणि विचारलं, "कोन बाई?"

कोण ते तिला चांगलं ठाऊक होतं.

"ती खानावळवाली. सत्यशीला."

बन्सीधरचं सोनपेठला बसस्टँडजवळ मोटारी भरायचं दुकान होतं. विहिरीवरची, बोअरची मोटार जळाली की आसपासच्या गावांतले शेतकरी ती त्याच्याकडं आणून टाकत. तो जुनी तार काढून नवी गुंडाळायचा आणि मोटार पुन्हा चालू करून द्यायचा. गावापासून सोनपेठ नऊ किलोमीटर. सकाळी जायचं, दिवस मावळताना यायचं, असं बावीस वर्षं चाललेलं. आधी मनकर्णा त्याला डबा द्यायची. सहा वर्षांपूर्वी दुकानापासून चार गाळे सोडून सत्यशीलाबाईची खानावळ निघाली आणि डबा बंद झाला. डब्यातली भाकर दुपारपर्यंत चामड्यावानी होते म्हणे, आणि तिथली तव्यावरून थेट ताटात.

डबा बंद झाल्यानं मनकर्णेचं सकाळचं काम हलकं झालं होतं. ते बरंच वाटलं तिला. पण कधी रात्रीच्या जेवणात बन्सीधर बोलून जायचा, "तिच्या पिठल्याला काय वास असतो, सांगू," तेव्हा ती ताटाकडं बघायची. त्या बाईला तिनं कधी पाहिलं नव्हतं. पाहायची इच्छाही नव्हती.

"आमी दुकानांच्या लाइनीतल्या समद्यांनी ठरवलंय," बन्सीधर आता हातपाय धुऊन पाटावर बसला होता. "उद्यापासून तिच्याकडं कुणीच जायचं न्हाई. दहा-बारा गिऱ्हाईक एकदम तुटलं की आठ दिवसांत ठिकाणावर येती. तो टायरवाला तर म्हणला, आपण तिच्या हातचं खातो हेच लय झालं." आणि तो हसला.

मनकर्णा हसली नाही. "सहा वर्षं खाल्लं तवा कसं न्हाई सुचलं त्याला?"

"अगं, म्हणला आपला बोलण्यात."

"अन् मग दुपारचं कसं करायचं तुमी?"

"कसं म्हणजे? डबा दे की."

म्हणजे बहिष्कार घालणार बन्सीधर, आणि त्यासाठी तासभर आधी उठायचं मनकर्णेनं.

ते दिवस कापूस वेचणीचे. आपलं तीन एकर वेचून झालं की बायका लोकांच्या रानात किलोवर वेचायला जात, आणि सातला घर सोडावं लागे. मनकर्णा अंधारातच उठायला लागली. भाकरी थापायच्या, कोरडी भाजी करायची, डबा बांधायचा, मग आपली भाकर फडक्यात घेऊन पळत सुटायचं. पहिल्याच दिवशी संध्याकाळी डबा परत आला त्यात अर्धी भाकर तशीच होती.

"कडक झाली," बन्सीधर म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तिनं भाकर ओल्या फडक्यात गुंडाळून दिली. ती चिकट झाली. तिसऱ्या दिवशी चपात्या दिल्या, तर त्यांनी पोट भरत नाही म्हणे. चौथ्या दिवशी भाजीला रस नव्हता, पाचव्या दिवशी रस होता तो सांडून पिशवी खराब झाली. एवढं होऊन बन्सीधर खुशीत होता, कारण बहिष्कार चांगला चालला होता. बियाणावाला, मोबाइलवाला, झेरॉक्सवाला, सगळे आपापले डबे आणून त्याच्याच दुकानात जेवायला बसत. शेजारच्या गीताबाईचा नवरा बजरंग, त्याचं फवारणीच्या पंपांचं दुकान, तोही त्यांच्यात. पुढारी मात्र बन्सीधर. बावीस वर्षांत एवढी माणसं एका कामासाठी त्याच्या शब्दावर चालली नव्हती.

रविवारी ही सगळी मंडळी मिळून परभणीच्या रस्त्यावरच्या एका नव्या हॉटेलात जेवून आली. बन्सीधर आला तो बडीशेप चघळतच.

"लय भारी जागा. थंडगार हवा, टेबलावर फुलं, पाणी बी बाटलीतलंच. पनीरची भाजी खाल्ली."

"कितीची?" मनकर्णेनं विचारलं.

"दोनशे साठ."

"एका माणसाचं?"

"एका प्लेटीचं. रोट्या येगळ्या."

मनकर्णा लसूण सोलत होती. "पनीर म्हणजे नासलेलं दूधच ना?"

"तुला त्यातलं काय कळतंय?"

"तसं न्हाई. तुमी त्या दिवशी म्हणलाव ना, पिठल्यात काय हाय, बेसन अन् पाणी. म्हणून इचारलं, यात काय होतं. दूध अन् लिंबू."

बन्सीधरनं बडीशेप थुंकली आणि तो टीव्ही लावून बसला.

त्या दिवसापासून मनकर्णेच्या डोक्यात ते वाक्य घर करून बसलं. असं हाय तरी काय त्यात? बत्तीस वर्षं ती या घरात भाकरी थापत होती. सासरे होते, सासू होती, दोन दीर होते, मग लेकरं झाली. दिवसाला पंचवीस-तीस भाकरी झालेल्या तिला आठवत होत्या. आता लेक पुण्याला, लेकी सासरी, म्हणून आठ-नऊवर आलं. त्या सगळ्या भाकरींत काय होतं ते कुणी कधी विचारलं नव्हतं, आणि तिनंही कुणाला सांगितलं नव्हतं. पीठ जुनं असलं तर कढत पाणी घालावं लागतं, थंडीत पीठ किती वेळ मळावं लागतं, तवा किती तापला की भाकर टाकायची आणि तिच्यावरचं पाणी किती सुकलं की उलटायची. हे हातालाच कळायचं. त्याला काय म्हणतात तेही तिला माहीत नव्हतं. आणि आता तर भर बाजारात दहा माणसांनी मिळून ठरवलं होतं, की त्यात काहीच नाही.

बाजाराच्या दिवशी सकाळी तिनं गीताबाईला हाक मारली.

"गीता, सोनपेठला चल माझ्याबरोबर."

"काय आणायचंय, अक्का?"

"जेवायला जायचंय. त्या खानावळीत."

गीताबाई तिच्याहून दहा-बारा वर्षांनी लहान, बोलण्याला भित्री. तिनं आधी इकडंतिकडं बघितलं. "आपुन दोघीच? गडीमाणसं बसतेत तिथं. अन् यांनी तर बंदी घातलीय."

"बंदी त्यांनी त्यांच्यासाठी घातलीय. मला कुणी इचारलं व्हतं का? पैशाची चिंता करू नको, वेचणीचे हायेत माझ्याकडं."

ॲटोत बसेपर्यंत गीताबाईनं चार वेळा विचार बदलला. मनकर्णेनं तिचा हात धरून ठेवला होता.

खानावळ म्हणजे एक लांबट खोली होती. सहा टेबलं, पुढच्या बाजूला मोठी शेगडी आणि तिच्यावर दोन तवे. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, त्याला ताजा हार. गीताबाई उंबऱ्यातच थबकली. तिची नजर फोटोवर गेली आणि तिनं मनकर्णेच्या कानाशी तोंड नेलं, "अक्का, आमच्या सासूबाईला कळलं तर..."

"तुझा मालक सहा वर्षं इथंच जेवलाय. तवा तुझी सासू काय म्हणली?"

गीताबाईला आठवेना. कारण सासू काहीच म्हणाली नव्हती. ती आत आली.

आत चौघेच जेवत होते, बाजाराला आलेले परगावचे. दोन बायका येऊन टेबलाशी बसल्या हे बघून त्यांचे घास जरा रेंगाळले. शेगडीशी उभी असलेली बाई पन्नाशीची असेल. अंगानं बारीक, साडीचा पदर कमरेला खोचलेला, हाताला पीठ. तिनं दोघींकडं बघितलं. "चहा न्हाई मिळत इथं. जेवण हाय."

"जेवायलाच आलोय," मनकर्णा म्हणाली. "दोन ताटं द्या."

"शंभरला हाय ताट. आधीच सांगते."

"ठाऊक हाय."

सत्यशीलाबाईनं मान हलवली आणि काटवटीत पिठाचा गोळा घेतला. मनकर्णा बघत राहिली. दुसऱ्याला काम करताना आपण बसून बघायचं, हे तिला जमेना. पाय आपोआप उठायला बघत होते. पण नजर मात्र एका बाईची दुसऱ्या बाईच्या हातावर असते तशी होती. ही बाई पीठ तळहाताच्या मुळानं रगडते. थापताना भाकर फिरते ती बोटांनी नाही, मनगटानं. कडा कुठं चिरत नाही. एकही हालचाल वाया जात नव्हती.

ताट आलं. पिवळंधमक पिठलं, त्यावर लसणाची फोडणी अजून चुरचुरत होती. शेंगदाण्याचा ठेचा, फोडलेला कांदा. आणि भाकर तव्यावरून उतरून थेट तिच्या ताटात पडली, फुगलेली, वाफ सोडणारी. मनकर्णेनं बोटानं वरचा पापुद्रा फोडला तशी वाफ तोंडावर आली.

तिनं पहिला घास खाल्ला आणि ती थांबली.

"काय झालं, अक्का? तिखट लागलं का?" गीताबाईनं विचारलं.

"न्हाई गं. गरम हाय."

घरी ती जेवायला बसायची तेव्हा सगळ्यांचं झालेलं असायचं. उरलेली भाकर, तीही शेवटच्या गोळ्याची, लहान आणि जाड, टोपल्यातली. इतकी मऊ, ज्वारीच्या गोडसर वासाची भाकर तिनं हजारो वेळा दुसऱ्यांच्या ताटात वाढली होती. स्वतः आज खात होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं असतं, पण तिला त्यापेक्षा राग जास्त आला. कुणाचा, ते तिला नीट कळेना. तिनं दुसरा घास घेतला.

अर्धी भाकर झाल्यावर सत्यशीलाबाई दुसरी घेऊन आली. "कशी हाय?"

"पीठ परवाचंच दळलेलं दिसतंय."

"कालचं." सत्यशीलाबाई पहिल्यांदा जरा हसली. "तुमाला कळतंय म्हणायचं."

"बत्तीस वर्षं तेच करायलेय." मनकर्णेनं ठेचा भाकरीला लावला. "बाई, एक इचारू? शंभर कामून केले? ज्वारी महागली म्हणून?"

सत्यशीलाबाईनं हात पदराला पुसला. हे उत्तर आता कितव्यांदा द्यायचं, असा विचार करत असल्यासारखी ती समोरच्या खुर्चीवर टेकली.

"ज्वारी महागली तवा पन्नासचे साठ केले. गॅस महागला तवा सत्तर. दर बारीला लोकांपुढं उभी राहून पाढा म्हणायचे, ज्वारी इतकी झाली, तेल इतकं झालं, डाळ इतकी झाली. लोक मान हलवायचे अन् द्यायचे. एक दिवस माझ्याच ध्यानात आलं, या समद्या पाढ्यात मी कुठंच न्हाई. पहाटं चारपासून उभी असते मी. गुडघे गेलेत. मग या टायमाला तीस वाढवले. ज्वारीचा भाव तोच हाय, गॅसचा तोच. लोकांनी इचारलं, काय महागलं? मी म्हणलं, मी महागले."

"अन् मग?"

"मग काय? ज्वारी महागलेली चालती, बाई महागलेली चालत न्हाई. समदी लाइन उठून गेली. म्हणले, घरासारखं तर जेवण हाय, त्याला एवढे कसे? मी म्हणलं, घरासारखं पाहिजे तर घरी जा." ती उठली. "एक बी रुपया कमी करणार न्हाई मी. बंद पडली खानावळ तर पडू द्या."

मनकर्णेनं पिठल्याची वाटी पुसून खाल्ली. "माझा मालकच हाय त्या लाइनीचा पुढारी," ती म्हणाली. "मोटारीवाला."

सत्यशीलाबाई गपकन थांबली. गीताबाईनं कपाळाला हात लावला. पण पुढं काही बोलणं होण्याआधीच दारात बन्सीधर उभा होता. कुणीतरी फोन करून त्याला सांगितलं होतं. त्याच्या हाताला वंगण तसंच होतं, आणि मागं बजरंग, बियाणावाला, आणखी दोघं.

"मनकर्णा! उठ."

चारचौघांत त्यानं तिला कधी असा आवाज लावला नव्हता, आणि तिनंही कधी वेळ आणली नव्हती. पण ताटात अर्धी भाकर होती. गरम.

"जेवायलेय मी," ती म्हणाली.

"घरी काय कमी हाय का तुला?"

"गरम भाकर कमी हाय. बत्तीस वर्षांत एकदा बी न्हाई मिळाली."

बियाणावाला हसला आणि लगेच थांबला. बन्सीधरचा चेहरा लाल झाला. "अगं, शंभर रुपये घालवायलीस! तुला काय पिठलं करता येत न्हाई का?"

"येतं. म्हणून तर मला कळतं शंभराला काय आलं ते. तुमाला कसं कळंल? तुमी कधी एक भाकर थापलीय का?" आता तिचा आवाजही चढला होता. थांबवावा असं तिला वाटलं नाही. "मागं तो शेतकरी तुमाला म्हणला, तांब्याच्या तारंचे साडेतीन हजार कसे? तवा तुमी काय म्हणलाव? घरी येऊन तुमीच सांगितलं मला. तार दुकानात मिळती, घेऊन जा अन् तूच भर. हुनराचे पैसे हायेत, म्हणलाव. मग बेसन बी दुकानातच मिळतं. ज्वारी बी मिळती. या, थापा."

परगावचे चौघेही जेवायचे थांबले होते. शेगडीवर ठेवलेली भाकर करपल्याचा वास आला तशी सत्यशीलाबाई धावली.

"तुमचं हुनर," मनकर्णा म्हणाली, "अन् आमचं बेसन अन् पाणी. असं कसं?"

बन्सीधर वळून निघून गेला. मागची माणसं एकेक करून पांगली. बजरंग शेवटी गेला. जाताना त्यानं गीताबाईच्या ताटाकडं बघितलं. ते लखलखीत झालं होतं.

मनकर्णेनं दोन नोटा टेबलावर ठेवल्या. "ताई, घरी तरास होईल तुमाला," सत्यशीलाबाई हळू आवाजात म्हणाली.

"होऊ द्या."

पण ॲटोत बसल्यावर तिनं पिशवीचे बंद घट्ट धरून ठेवले. गावात उतरताना गीताबाई म्हणाली, "अक्का, ठेचा मातर लय झकास व्हता."

त्या संध्याकाळी बन्सीधर ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो खाली मान घालून जेवला, हात धुतले आणि मग म्हणाला, "लोकांत माझं नाक कापलंस तू."

मनकर्णेला वाईट वाटलं. ते खोटं नव्हतं. माणूस वाईट नव्हता. कधी हात उगारला नव्हता, दारू नव्हती. पण तिनं जे ठरवलं होतं ते बोलायचं तर आजच, उद्या ते तोंडातून निघणार नाही, हेही तिला माहीत होतं.

"उद्यापासून डबा पाहिजे तर शंभर रुपये पडतेन," ती म्हणाली.

"काय?"

"खानावळीचा भाव."

"येड लागलं का तुला? नवऱ्याकडून पैसे घेतीस?"

"सकाळ-संध्याकाळची भाकर घरची हाय. ती मी करतेच. पण दुपारचा डबा तुमच्या बहिष्काराचा हाय. बहिष्कार तुमी घातला, त्याच्यासाठी मी कामून उठू पहाटं?"

बन्सीधर ताडकन उठला. "न्हाई लागत तुझा डबा!"

आणि त्यानं खरंच डबा नेला नाही. दुसऱ्या दिवशी स्टँडवरचा समोसा खाल्ला, तिसऱ्या दिवशी वडा. चौथ्या दिवशी छातीत जळजळ सुरू झाली आणि मनकर्णेनं न मागता त्याच्यापुढं ताकाचा तांब्या ठेवला. त्यानं तो घेतला, पण बोलला नाही. आठ दिवस घरात एवढी शांतता होती की शेजारी टीव्ही लागला तरी ऐकू यायचं. मनकर्णा रोज ठरवायची, जाऊ दे, उद्या करू डबा. आणि रोज सकाळी जाग आली की कूस बदलून पडून राहायची.

तिकडं गीताबाईचा हात दुखायला लागला. तिला बजरंगला तोंडावर सांगायचं धाडस नव्हतं, म्हणून तिनं हाताला फडकं बांधलं आणि डबा बंद केला. बाजारातली गोष्ट तोवर गावोगाव गेली होती. कुणाच्या घरी कशावरून, कुणाच्या घरी कशावरून, पण डबे कमी होत गेले. दहाव्या दिवशी बजरंग मान खाली घालून खानावळीत शिरला. मग मोबाइलवाला, मग झेरॉक्सवाला. टायरवाला आणि आणखी दोघं गेले नाहीत ते गेलेच नाहीत, त्यांनी स्टँडच्या पलीकडं दुसरी जागा धरली. सत्यशीलाबाईनं त्या दिवसांत निम्मं पीठ मळलं, पण भाव तोच ठेवला.

बन्सीधर सगळ्यांच्या शेवटी गेला. मनकर्णेला ते पुढच्या बाजाराच्या दिवशी सत्यशीलाबाईकडूनच कळलं.

"कोपऱ्यात बसले. मी काही बोलले न्हाई, ते बी न्हाई. दोन खाल्ल्या, तिसरी मागितली. जादा भाकरीचे पंधरा धरून एकशे पंधरा ठेवले अन् गेले."

"काही म्हणले का?"

"जाताना म्हणले, तवा जरा जास्त तापायलाय."

"तापायलाय का?"

"हो," सत्यशीलाबाई म्हणाली. "बर्नर बदलायला झालाय."

मनकर्णा हसली. घरी मात्र तिनं विषय काढला नाही आणि त्यानंही काढला नाही. बोलणं हळूहळू सुरू झालं, थंडीवरून, लेकाच्या फोनवरून. बाजाराच्या दिवशी ती खानावळीत जेवते हे त्याला ठाऊक होतं. आता तिच्याबरोबर गीताबाई असायची आणि कधी आणखी दोघी-तिघी. एकदा तो आधीच जेवत बसला होता तेव्हा त्या आत आल्या. मनकर्णा दुसऱ्या टेबलाशी बसली. त्यानं त्याचे दिले, तिनं तिचे.

संक्रांत झाली, हुरडा आला. एका संध्याकाळी दत्तराव दारात आले. गावातले मोठे बागायतदार, नदीकाठी त्यांची साठ एकर जमीन. या वर्षी त्यांनी रानात मांडव घालून, बैलगाडी सजवून, शहरच्या लोकांसाठी हुरडा पार्टी सुरू केली होती. माणशी सहाशे रुपये.

"वैनी," दत्तराव खाटेवर बसत म्हणाले, "रविवारी परभणीचे सत्तर पाहुणे यायलेत. दोनशे भाकरी लागतेन. तुमी अन् गीता, आणखी एक-दोघी सकाळीच या. तुमच्या हातची चव कुणाला न्हाई." दर वर्षी त्यांच्या घरच्या कार्याला या बायका अशाच जात, आणि जाताना एकेक साडी मिळे.

"येऊ की," मनकर्णा म्हणाली. "भाकरीला दहा रुपये. पीठ अन् लाकडं तुमची."

दत्तराव हसले. मग तिच्या तोंडाकडं बघून थांबले. "भाकरीचे पैसे? वैनी, आपुन घरची माणसं."

"पाहुणे बी घरचेच हायेत का? सहाशे घेता ना त्यांच्याकडून?"

"अवो, ते मांडवाचे, गाडीचे, जागेचे. भाकरीत असं काय..." दत्तरावांनी आधारासाठी बन्सीधरकडं बघितलं. तो ओट्यावर एका पंख्याचं पातं सरळ करत बसला होता. "बन्सीधर, काय ऐकायलोय मी हे?"

बन्सीधरनं पातं उलटसुलट करून बघितलं. मग मान वर न करता म्हणाला, "सोनपेठात दोन भाकरीचं ताट शंभरला हाय, दत्तराव. त्या मानानं दहा स्वस्तच सांगितले तिनं."

मनकर्णा चमकून त्याच्याकडं बघतच राहिली. आत कुठंतरी बरं वाटलं. पण तोंडानं म्हणाली, "तुमी मधी पडू नका. मी बोलायलेय ना."

दत्तराव सहावर आले, मग सात आणि साडी. मनकर्णेनं चहा दिला आणि दहा म्हणाली. शेवटी ते "बघतो" म्हणून उठले.

तीन दिवस निरोप नाही. गीताबाईचा जीव खालीवर होत होता. "अक्का, आठ म्हणलो असतो तर? ते आता वरच्या आळीतल्या बायकांना सांगतेन."

"सांगू दे."

"अन् पुढं कधीच बोलावलं न्हाई तर?"

"तर न्हाई," मनकर्णा म्हणाली. आतून तिलाही धाकधूक होती. मोठं घर होतं, उद्या अडीनडीला त्यांच्याच दारात जावं लागणार. पण ती गेली नाही.

शनिवारी दुपारी दत्तरावांचा फोन आला. दहा कबूल. मात्र भाकरी दोनशे नकोत, दीडशेच करा. बाकी चपात्या ते परभणीहून मागवणार होते.

"बघा, पन्नास कापल्याच," गीताबाई हिरमुसली. "पाचशे गेले आपले."

मनकर्णा उद्यासाठी काटवट घासून उन्हात उभी करत होती.

"पाचशे कुठं गेले? पन्नास भाकरी कमी थापायच्यात," ती म्हणाली. "तेवढीच कंबर वाचली. पहाटं पाचला ये, अन् घरून पीठ आणू नको हां. पीठ त्यांचं ठरलंय."